काचकाकांचं पहिलं उड्डाण

विमानाच्या पोटाला ताटाएवढी एक काच होती. तिच्यातून लेझरचा किरण खाली सोडायचा, हवेतल्या धूळ-धुराच्या कणांवरून परतलेला उजेड मोजायचा आणि कोणत्या उंचीवर किती कण आहेत ते सांगायचं, असा तो सगळा उद्योग. ती काच गेली सव्वीस वर्षं काचकाका पुसत होते, तेही श्वास रोखून. जवळ कुणी शिंकलं की काका त्याला हँगरबाहेर काढत, मग तो मुख्य अभियंता का असेना.

विमानात मात्र ते कधी बसले नव्हते. उंचीची भीती! घरी बल्ब बदलायलासुद्धा काकूच स्टुलावर चढत.

निवृत्तीला आठ दिवस उरले आणि नेमका घोळ झाला. आकाश निरभ्र, तरी पडद्यावर दोन किलोमीटर उंचीवर कणांचा जाड थर. नव्या शास्त्रज्ञ मॅडम म्हणाल्या, "काका, काचेवर डाग राहिला असणार. त्यानं यंत्र फसतं कधीकधी. असू दे, चुकतं माणूस."

बोलल्या गोडच, पण काकांच्या जिव्हारी लागलं. जाता जाता सव्वीस वर्षांच्या कामावर पाणी फिरणार!

जेवताना काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "अहो, त्यात काय एवढं? डाग चष्म्यावर असला तर मी स्टुलावर चढले तरी तो माझ्याबरोबर वर येतो. भिंतीवर असला तर भिंतीवरच राहतो."

काका ताट तसंच ठेवून उठले.

सकाळी मॅडमना म्हणाले, "विमान आणखी वर न्या. डाग माझा असेल तर तो थरही वर सरकेल."

"अगदी बरोबर. आजच बघू."

"मी पुसलेली काच आहे. मी येणार!" काका बोलून गेले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

विमान चार किलोमीटरवरून पाचवर चढलं. काका डोळे घट्ट मिटून खुर्चीला चिकटले होते.

मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, "काका, थर दोनवरच आहे. जागचा हललेला नाही. धूळ खरी आहे. तुमची काच स्वच्छ होती, चूक माझी."

काकांना भरून आलं. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं, तर तिच्यावर कुणाची तरी बोटं उमटलेली.

"काय माणसं आहेत!" म्हणत त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि श्वास रोखून खिडकी पुसायला घेतली. खाली पाच किलोमीटर नुसती हवा आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.