इथे ‘येते’ म्हणायचं नाही

घरातून निघताना चुकून ‘जाते’ म्हटलं की माझी आई अजूनही रागावते. आमच्या संस्थेच्या माधवीताई मात्र तुरुंगात बायकांना मुद्दाम तेच म्हणायला लावायच्या. सुटलेली बाई सवयीने “येते गं” म्हणाली की ताई तिला दाराशीच थांबवायच्या. “इथे येते म्हणायचं नाही. जाते म्हण, आणि खरंच जा.” मग सगळी बराक हसत टाळ्या वाजवायची.

ताई कोपरीत राहायच्या. कैदी बायकांच्या घरच्यांना गाठायचं, जामीनदार मिळवायचा, हे आमच्या संस्थेचं काम. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. घरच्यांना शोधत एखाद्या चाळीत शिरलं की तिथे कुणाला संशय नको म्हणून त्या “आम्ही पोलिओ डोसवाल्या” असं ठोकून द्यायच्या. एकदा शेजारणीने खरंच बाळ आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

संगीताला जामीन मंजूर होता, पण जामीनदार मिळत नव्हता. जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर सोडा, हा अर्ज तारखांवर तारखा खात होता. तिची परी तिच्याजवळ बराकीतच वाढलेली. सहा वर्षं पूर्ण झाली की मुलाला आत ठेवत नाहीत, आणि परीचा वाढदिवस जवळ आलेला. आम्ही शीळफाट्याला संगीताच्या भावाकडे खेपा घातल्या. शेवटी तो उंबऱ्यातूनच म्हणाला, “मॅडम, मी जामीन राहिलो ना, तर बायको घर सोडून जाईल. आता नका येऊ, प्लीज.”

रिक्षात बसल्यावर ताई म्हणाल्या, “दार तर उघडलं ना. पुढच्या वेळी पाणी विचारेल.” हे त्या नेहमीच म्हणत. या वेळी मला त्यांचा राग आला.

परीला बालगृहात न्यायला आम्हीच गेलो. नवा फ्रॉक, दोन वेण्या. ती खुशीत होती. या दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीला टाळ्या मिळतात, हे तिने जन्मापासून पाहिलेलं. दाराशी वळून ती मोठ्याने म्हणाली, “आई, जाते.” आणि टाळ्यांची वाट बघत उभी राहिली.

कुणाचेच हात हलले नाहीत. संगीता नुसती “येते म्हण बाळा, येते म्हण” करत राहिली. परीने गोंधळून ताईंकडे पाहिलं. “इथे येते नाय बोलायचं ना, ताई?”

ताईंनी तिचं बोट धरलं आणि आम्ही तिला घेऊन बाहेर पडलो.

त्यानंतर त्यांनी कुणालाच काही म्हणायला लावलं नाही. निवृत्तीच्या दिवशी बायका विचारत होत्या, “ताई, आज तुम्ही काय म्हणणार?” त्या हात जोडून तशाच बाहेर पडल्या. संगीता तेव्हाही आतच होती.