वाटीवरची तर्री

आज मी धडधाकट आहे तो आमच्या खानावळवाल्या मावशींमुळे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सांगताना माझा धीर सुटतो आणि मुख्य गोष्ट राहून जाते.

"आण तुही वाटी," म्हणत त्या माझी वाटी ओढून घ्यायच्या. वाटी तिरपी करून पळीची कड रश्शाला जेमतेम टेकवायच्या, की वरची लाल तर्री आपसूक पळीत उतरायची. ती त्या गॅसजवळच्या जर्मनच्या वाडग्यात ओतायच्या आणि माझ्या वाटीत आणखी दोन डाव भाजी घालायच्या. रोज. एवढ्या निगुतीनं, की जणू तापलेल्या दुधावरची साय काढतायत.

मी कोकणातला, समुद्राकाठचा. नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात मागावर काम करतो. इथे आलो तेव्हा मासे मिळत नाहीत म्हणून भाजीवर राग काढायचो. तर्रीत पोळी बुडवून खायची आणि वांगं, अंबाडी, चवळी, जे काय असेल ते ताटाच्या कडेला सारायचं. फळ तर आजारी माणसानं खायचं असतं, अशी माझी समजूत.

मग कारखान्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा दोनदा बांधला. रक्तदाब चढलेला, रक्तात चरबी. रोज भाजी खा, फळं खा, तेल-मीठ तोडा, म्हणाले. घरात कुणाला हृदयाचं दुखणं होतं का, असंही विचारलं. होतं. माझे वडील होडी वर ओढता ओढता वाळूत बसले ते उठलेच नाहीत. मी तेव्हा आठवीत होतो. शाळा तिथेच सुटली.

संध्याकाळी मी ताटातली पोळी नुसतीच कुस्करत बसलो. मावशींनी कारण विचारलं. मी तपासणीचा कागद काढला. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "कोकण्या, बाप गेला थे गेला. तू कायले जातं?"

दुसऱ्या दिवसापासून वाटी ओढणं सुरू झालं. पंगतीतले टिंगल करायचे, की मावशी लेकाले पाणी पाजून राह्यल्या, त्याची तर्री आमाले द्या. त्या म्हणायच्या, तुमचे कागद येऊ द्या, मंग पाहू. मी एकदा म्हटलं, मुळात तेलच कमी घाला ना. तर म्हणाल्या, वर तर्री दिसली नाही त हे पोट्टे दुसऱ्या खानावयीत जातीन. खोटं नव्हतं. मीही गेलो असतो. बाजाराच्या दिवशी त्या मोर्शीकडची बारकी संत्री आणायच्या आणि पाळीला निघताना माझ्या खिशात एक कोंबायच्या. कुठे फेकून देऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी साल मागायच्या.

तुम्हीही कुठल्या खानावळीत जेवत असाल. वाढणारी बाई कधी जेवते, काय जेवते, कधी पाहिलंय? मी पाहिलं, तेही चुकून. दुपारी तीनच्या सुमाराला विसरलेला डबा घ्यायला परत गेलो होतो. मावशी मोरीपाशी बसल्या होत्या. ताटात चुरलेली भाकरी, तिच्यावर जर्मनच्या वाडग्यातलं ते सगळं लाल तेल, बाजूला मीठ. भाजीचं पातेलं घासून पालथं घातलेलं.

"मावशी, भाजी?"

"सरली."

"आणि हे तेल?"

"तेल काय मोरीत ओताचं असते?"

मी डॉक्टरांचं बोलणं काढलं, तशा हसल्या. "बायाले कुठचा अटॅक रे? थो माणसाचा रोग हाय."

आमच्या गावात असे अचानक गेलेले सगळे पुरुषच होते. मला ते पटलं. मीही हसलो आणि डबा घेऊन निघालो. त्या दिवशीचं माझं ते हसू मला अजून ऐकू येतं.

पुढे त्या मधूनच कणीक मळता मळता थांबायच्या आणि ओवा चावायच्या. पित्त झालं म्हणायच्या. आम्ही सगळे जेवत असायचो.

सहा महिन्यांनी माझा दुसरा कागद आला. सगळं जागेवर होतं. मी तो खिशात घालून धावतच खानावळीवर गेलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या शिंप्यानं सांगितलं, "सकायी पोयपाटावर पडल्या. इर्विनच्या दवाखान्यात नेलं होतं, मंग पोरगी अकोल्याले घेऊन गेली." हृदयाचा बराच भाग निकामी झालाय, असं डॉक्टर म्हणाले होते.

सुट्टीच्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरली. संत्र्यांची पिशवी अकोल्यापर्यंत मांडीवरच ठेवली होती. मुलीच्या घरी मावशी खाटेवर होत्या, उशीएवढ्याच उरलेल्या. मला पाहून पहिलं बोलल्या ते, "कागद आणला का?" मी वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग डोळे मिटून म्हणाल्या, "झालं मंग."

मी संत्रं सोलून पुढे केलं. त्यांनी एक फोड घेतली आणि बाकीचं माझ्या हातावर ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या मुलीनं ताटं मांडली. मी म्हटलं, आधी मावशींना. त्या मुलीलाच म्हणाल्या, "त्याले वाढ पयले. गाडी हाय त्याची."

आणि मी जेवलो. त्यांच्यासमोर बसून, आधी, पोटभर. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

आता मी खोलीवरच रांधतो. अंबाडीची भाजी जमायला लागली आहे, बिनतर्रीची. मावशी, तुम्ही उठून इथवर यायचं तेवढं बघा. मी पाट मांडीन, पहिलं ताट तुमचं वाढीन आणि तुम्ही हात धुवेपर्यंत मोरीपाशी बसून राहीन. मग पातेल्यात जे उरेल ते माझं.