सावली मारणारे दिवे

"पदर खोचा," सर म्हणाले. "आणि झाडू जरा वर. चेहऱ्याजवळ."

मी पदर खोचला. झाडू वर धरला.

बेंगळुरातल्या व्हाइटफील्डमधला उंचावरचा फ्लॅट. पांढरी भिंत. भिंतीपुढं मी. अंगावर माझी ठेवणीतली इरकल, हातात दुसऱ्याच बाईचा झाडू. समोर सोफ्यावर सर, म्हणजे पुण्याचे प्रकाशक, चहा पीत. त्यांचा मुलगा कॅमेऱ्याला डोळा लावून. फ्लॅट त्या मुलाचा. नोकरी कंपनीत, नाद फोटोंचा. झाडू त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या गौरम्माचा. तिच्या हातातनं काढून माझ्या हातात दिलेला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

"हसू नका," सर म्हणाले. "तुमच्या पुस्तकात हसण्यासारखं काही नाही."

मी हसू गिळलं. अगदी गुणी मुलगी. वय वर्षं एकसष्ट. आज सत्तरी मागं टाकून बसलेय, तर त्या एकसष्ट वर्षांच्या पोरीचे कान उपटावेसे वाटतात. काय ती नटून गेलेली! बाई लेखिका होणार होत्या.

लेखिका कोण, तर निपाणीची. आई विड्या वळायची. मी शिकले, लग्न होऊन बेंगळुरात आले, होसकोट्याच्या एका कारखान्यात स्टोअरची कारकुनी केली, रिटायर झाले आणि हेब्बाळला लेकीकडं राहायला गेले. तिच्या बाल्कनीतून सोसायटीचं फाटक दिसायचं. सकाळी ऊन तिरपं असताना कामाच्या बाया यायच्या. पाठीवर ऊन, पुढं लांबच लांब सावल्या. वॉचमन बायांना अडवायचा, पास बघायचा, नाव विचारायचा. तोवर सावल्या फाटकाच्या आत गेलेल्या असायच्या. संध्याकाळी बाया बाहेर पडायच्या तेव्हा त्यांच्या पिशव्या उघडून बघायचे.

एक दिवस मला वाटलं, सकाळी आत गेलेल्या सगळ्या सावल्या बाहेर येतात का?

तिथं कादंबरी सुरू झाली. एका सोसायटीत नियम निघतो. कामाच्या बायांनी येताना सावली फाटकावर जमा करायची. लिफ्टमध्ये मालकलोकांच्या अंगावर पडायला नको. सावली अंगावर पडण्याची भीती आपल्याकडं किती जुनी आहे, ते मी वेगळं सांगायला नको. दिवसभर सावल्या तळघरात, गाड्यांच्या मागं उभ्या. आधी गप्प. मग एकमेकींशी बोलायला लागतात. मग लिफ्टची बटणं दाबायला शिकतात.

लिहिताना मला स्वतःलाच भीती वाटायची. म्हणून बरी झाली असणार.

मग सुरू झाले प्रकाशक. एक म्हणाले, भुताखेतांचं असेल तर दिवाळी अंकाच्या भयकथेला पाठवा. एकानं ती लहान मुलांच्या विभागाकडं दिली. तिथल्या बाईंनी कळवलं की शेवट फार कडू आहे, मुलं झोपणार नाहीत. एकजण फोनवर म्हणाले, "हे रूपक आहे ना? कशाचं रूपक?" मी म्हटलं, "सावलीचं." त्यांनी फोन ठेवला. कुणी म्हणालं, असलं परदेशात चालतं. जसं काही परदेशातल्याच बायांना सावल्या असतात.

आणि मग या सरांचा फोन आला. स्वतःहून. मी उभी राहून बोलले. फोनवर! समोर कुणी नसताना!

"वाचलं," ते म्हणाले. "अस्सल आहे हो. फाटक, पिशवी तपासणं, सर्व्हिस लिफ्ट. अंगावर येतं. फक्त ते सावल्यांचं काढून टाका. आपण आत्मकथन म्हणून करू."

"आत्मकथन कसं? मी कामवाली नाही, सर. मी कारखान्यात कारकून होते."

"पण आई?"

"आई विड्या वळायची."

"तेच ते."

तेच ते. माझ्या आईची तंबाखूनं पिवळी झालेली बोटं, संध्याकाळी ठेकेदारानं विड्या नापास केल्या की तिचं गप्प होणं, तिचा खोकला. सगळं त्या दोन शब्दांत गुंडाळून त्यांनी बाजूला ठेवलं. मी काय केलं? काही नाही. ऐकत राहिले.

"तुमच्याकडं जो अनुभव आहे ना, तो आमच्याकडं नाही," ते समजुतीनं म्हणाले. "कल्पना काय हो, आमच्याकडं ढिगानं पडल्यात. तुम्ही त्यात कशाला पडता?"

"सरी," मी म्हणाले.

"हे कानडी सरी काय? बरं म्हणा. मराठीत बोलतोय आपण."

"बरं," मी म्हणाले.

ती अख्खी थंडी मी सावल्या काढत बसले. पानापानावरून. नखानं उवा मारतात तशा. लेक म्हणाली, "आई, जेवून तरी घे." मला कुठली भूक! पुस्तक निघणार होतं. सावली काढलेली वाक्यं वाचताना लंगडी वाटायची, काही तर नुसती पडायचीच. मी त्यांना दटावायची, उभी राहा, पुण्याला जायचंय.

तर आता त्या भिंतीपाशी परत या. फोटो मागच्या कव्हरसाठी होता. सर मुलाला भेटायला बेंगळुरात आले होते, म्हणून मला तिथंच बोलावलं. खाली वॉचमननं माझी कादंबरीची फाईल आणि इरकल बघून विचारलं होतं, "कुणाकडं कामाला?" आणि सर्व्हिस लिफ्ट दाखवली होती. मी त्याच लिफ्टनं वर गेले. मनात म्हणतेय, वा, पुस्तकातलंच सगळं! इतकी मी शहाणी.

मुलानं माझ्या डाव्या हाताला एक मोठा दिवा लावला. माझ्यामागं भिंतीवर सावली पडली. मोठी, झाडूसकट, छताला टेकलेली.

"काकू, सावली येतेय मागं," तो म्हणाला. "थांबा हं, मारतो."

चांगला मुलगा होता. त्याच्या मनात काही नव्हतं. त्यानं उजवीकडं दुसरा दिवा लावला. मी मान वळवून बघितलं. सावली पातळ झाली. त्यानं दिवा हातभर पुढं सरकवला. सावली गेली.

झाडू होता. मी होते. भिंत कोरी.

हे मी लिहिलं होतं. पहिल्याच प्रकरणात, फाटकावर सावल्या काढून घेतात तिथं. पांढरी भिंत, दोन्हीकडून दिवे, आणि एक माणूस नम्रपणे म्हणतो, थांबा हं. ते पान मी स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं. आणि ते पान आता मला येऊन भेटत होतं.

खट्. त्यानं फोटो घेतला.

"छान," सर म्हणाले. "आता जरा खाली बघा. थकल्यासारखं."

तेवढ्यात दारातून गौरम्मा बोलली. "अक्का, पोरके कोडी. केलसा इदे." अक्का, झाडू द्या. काम पडलंय माझं.

तिला माझ्या साहित्याशी काही घेणं नव्हतं. तिला हॉल झाडून पुढच्या घरी जायचं होतं. माझ्या हातात तिची वस्तू होती, आणि मी ती धरून तिचं सोंग करत होते. तिच्यासमोर. तिच्या नावावर दुसऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून. शरम वाटली ती अशी की इरकल अंगाला चटके द्यायला लागली.

"दिवा बंद करा," मी म्हणाले.

"का हो?"

"माझी सावली राहिलीय तुमच्याकडं."

सर खदखदून हसले. "वा! बोलता छान तुम्ही. हे मनोगतात घ्या की."

मी उजव्या दिव्यापाशी गेले आणि वायर उपटली. मुलगा "अहो काकू, अहो" करत राहिला. भिंतीवर ती परत आली. अगदी माझ्याएवढी नव्हती. जरा मोठी होती.

झाडू गौरम्माला दिला. तिनं तो घेतला आणि झाडायला लागली. माझी फाईल टीपॉयवर होती, तिच्यावर सरांचा कप. कप उचलून बाजूला ठेवला. पहिल्या पानावर चहाचा गोल उमटला होता.

"पुस्तक पडून राहील हो तुमचं," सर म्हणाले. आता हसत नव्हते. "आमच्याशिवाय विचारणार कोण तुम्हाला?"

"सरी," मी म्हणाले. आणि निघाले.

उतरतानाही सर्व्हिस लिफ्टच घेतली. तळमजल्याचं बटण दाबलं होतं, पण लिफ्ट थांबली नाही. खाली गेली, तळघरात. कुणीतरी बोलावली असणार. दार उघडलं. समोर कुणी नव्हतं. गाड्यांच्या रांगा, लुकलुकणारी एक ट्यूब, आणि गाड्यांच्या मागं नको इतका दाट अंधार. दार बराच वेळ उघडंच राहिलं. मी म्हणाले, "येते." कुणाला म्हणाले, ते विचारू नका.

घरी जाऊन काढलेली सगळी पानं परत आत घातली. कादंबरी अजून छापून आलेली नाही. अधूनमधून कुणी विचारतं. परवाच एक तरुण प्रकाशक म्हणाला, सावल्या ठेवू, फक्त सुरुवातीला एखाद्या प्राध्यापकांची प्रस्तावना घेऊ, सावल्या म्हणजे नेमकं काय ते वाचकांना समजावून सांगणारी. गोड बोलत होता. त्याच्याही हातात दुसरा दिवा होता.

नाही म्हणून सांगितलं. उभी न राहता.

हे आज लिहून ठेवतेय, कारण तो फोटो अजून व्हाइटफील्डच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये आहे. झाडू धरलेली, सावली मारलेली बाई. मी गेल्यावर तो कुठं तरी छापून येईल, खाली लिहितील, हिचं आयुष्य. ती मी नव्हे. माझं आयुष्य त्या फायलीत आहे, तळघरात, गाड्यांच्या मागं.

नातीला बजावून ठेवलंय. ती विचारत होती, "अज्जी, तू खरंच झाडू धरलास?" धरला की, म्हटलं, आणि मान खाली घालून थकल्यासारखं करूनही दाखवलं. पोटभर हसली. मग तिच्या हातात फाईल दिली. छापली तर अशीच छापायची, नाहीतर बंद ठेवायची. माझ्या मागंसुद्धा. यातली एकही सावली निघणार नाही. निघालीच, तर काढायला येणाऱ्याची निघेल.