शेवळाचं कार्ड: उंबरमाळी, टोकावडे आणि पुन्हा उंबरमाळी

डोंबिवलीहून निघताना मी खेळाचा डबा तिसऱ्यांदा उघडून कार्डं मोजली. शाळेत जाऊन मुलांसमोर उभं राहायची मला सवय नव्हती. चौथीपर्यंत मला आत्याने घरीच शिकवलं. वर्गात मला अजूनही पाहुण्यासारखं वाटतं. पण खेळ माझा होता, दुसऱ्या कुणाला पाठवणार?

खेळ अन्न-जंगलाचा. एका पटावर परसाएवढी जागा आखलेली. वर आंबा-फणस, त्यांच्या सावलीत हळद, खोडावर मिरीचा वेल, मातीत कंद. जंगलासारखीच दाटी, पण सगळी खायची. कोणतं झाड कुणाच्या शेजारी जगेल हे ओळखून कार्ड लावायचं. कार्डामागे ते कसं खायचं, हे दोन ओळींत.

पहिला दिवस उंबरमाळीचा. तिथे उतरणार असाल तर कसाऱ्याची गाडी नीट बघून घ्या, आणि खाण्याचा डबा बरोबर ठेवा. स्टेशनबाहेर काही मिळेल असं धरू नका. शाळा पाऊण तासाच्या चालीवर, वाट चढाची. जून संपत आला होता, पायवाटेचा चिखल चपलेला सोडत नव्हता.

सहावी-सातवीची मुलं पटाभोवती बसली आणि मला विसरली.

"मिरी उन्हात नको लावू गो, मरंल."

"मरू दे, माझी हाय."

शेवळाचं, म्हणजे पहिल्या पावसात रानात उगवणाऱ्या भाजीचं, कार्ड निघालं तेव्हा दर्शना नावाच्या मुलीने मागची ओळ वाचली, शेजारणीकडे पाहिलं, आणि दोघी खाली मान घालून हसल्या. मला वाटलं, माझ्या बोलण्याला हसताहेत. शेवटी मी विचारलं, "काही चुकलंय का?" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "नाय." खेळाचा एक डबा त्यांच्याकडे ठेवून मी परतले.

दुसऱ्या दिवशी कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने टोकावडे. सकाळची गाडी धरा, बसायला जागा मिळते. नाक्यावरच्या ढाब्यात मिसळ बरी मिळते. तिथल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी हात पुसत पटाशी आल्या आणि एका मुलाकडून शेवळाचं कार्ड वाचून घेतलं. 'उकडून, परतून खा.'

"नुसतं उकडून? काकडं कुठंयत?"

"कसली काकडं?"

"काकडाच्या झाडाची गो. बारकी आंबट फळं. ती नाय घातली तं घसा असा खाजंल, की पानी पन उतरायचं नाय. कुनी लिवलं हे?"

मीच लिहिलं होतं. आत्या शेवळांत चिंच घालायची, हे मला चांगलं आठवत होतं. कार्डावर जागा नव्हती म्हणून मी चिंच गाळली.

त्या शाळेतल्या कार्डावर तिथेच कागद चिकटवला. पण उंबरमाळीच्या रानात तेव्हा शेवळं उगवलेली होती, आणि माझं कार्ड मुलांच्या हातात होतं. तिथल्या सरांचा फोन लागेना. मी निघाले. टोकावड्याहून सरळगाव, तिथून किन्हवलीमार्गे शहापूर. रस्ता सुंदर आहे म्हणतात, भातखाचरांमधून जातो. मी पाहिला नाही. एखादं लहान पोर घसा धरून बसलंय, एवढंच दिसत होतं. शहापूरहून वडापची जीप मिळाली. ती भरेपर्यंत सुटत नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

शाळा सुटायला थोडाच वेळ होता. दर्शना ओट्यावर पट मांडून बसली होती, भोवती कालचीच मुलं.

"ताई, तुमी परत कशाला आल्या?"

"शेवळं कुणी खाल्ली का? कार्डावर लिहिलंय तशी?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आमी काय येडी हाव, नुसती उकडून खायाला?"

बाकीची खो-खो हसली. मी ओट्यावर तिच्याशेजारी बसले. "मग काल का नाही बोललीस? मी विचारलं होतं."

"पाहुन्यांची चूक काढायची नाय, असं आई बोलते."

पटावर वहीच्या पुठ्ठ्यातून कापलेलं एक नवं कार्ड होतं. पेन्सिलीने काढलेलं झाड, त्याला लहान लहान फळं. त्यांनी नियमही केला होता: काकडाचं झाड आधी लावल्याशिवाय शेवळाचं कार्ड उचलायचं नाही.

"आणि झाड कुणी तोडलं तर?" मी विचारलं.

"तं शेवलं पन गेलं," एक मुलगा म्हणाला, "रानात असून गेलं."

एक झाड गेलं की दुसरं असूनही खाता येत नाही, हे दाखवणं मला माझ्या खेळात जमलं नव्हतं. मी ते कार्ड मागितलं तर दर्शनाने डब्यात टाकून झाकण लावलं. "त्ये आमच्या डब्यातलं हाय. तुमी दुसरं काढा."

घरी येऊन दुसरं काढलं. मग उरलेली कार्डं मांडून बसले. ज्यांची भाजी मी स्वतः कधी निवडली नाही, शिजवली नाही, अशी अकरा निघाली. ती वेगळी बांधली आहेत. टोकावड्याच्या मावशींनी ऐकून होकार दिल्याशिवाय डब्यात जाणार नाहीत. मैत्रिणी म्हणतात, झालं ना सगळं नीट, आता सोड. नीट झालं, खरंच. पण ते झालं कारण त्या मुलांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही.