त्या पानावरचं रडू

सेमिनारसाठी नातीने माझी कॉलेजातली इंग्रजी कादंबरी काढली, आणि समासातलं माझं पेन्सिलीतलं अक्षर पाहून मला हसूच फुटलं. कादंबरीतली आई मेलेल्या मुलाचं जेवणाचं पान रोज मांडते. त्याशेजारी मी लिहिलंय, 'उपस्थिती आणि अनुपस्थिती यांचं द्वंद्व इथे कोसळतं.' खाली दोन रेघा!

काय ती बावीस वर्षांची शहाणी! वर्गात विरचनावाद नुकता सुरू झाला होता. अर्थ कधीच हाती लागत नाही, तो पुढे सरकत राहतो, असं सर म्हणाले आणि बाईसाहेब घरभर तेच ऐकवत सुटल्या. आईच्या "जेवायला ये" मध्येही तिला तीन अर्थ सापडायचे. तोवर भात गार.

"आजी, या पानावर मी रडले," नात हळूच म्हणाली. "निबंधात तसं लिहिलंही होतं, पण आता खोडतेय. मॅडम हसतील."

"हसू देत की! कुठलाच अर्थ शेवटचा नाही ना? मग मॅडमचा तरी कसा शेवटचा?"

विरचनेवर माझा राग नाही. पुस्तक कुणा एकाच्या मालकीचं नसतं, हे मला विरचनेनेच शिकवलं. मी मात्र ते फक्त लेखकाला सुनावलं. सरांपुढे तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर त्या पानावर मीही रडले होते. डोळे पुसले आणि मगच त्या दोन रेघा ओढल्या.

हे ऐकून नातीने खोडायला घेतलेलं ते रडल्याचं वाक्य उचललं आणि निबंधात सगळ्यात वर नेऊन ठेवलं.