एकादशीची बादली

शेजारच्या दाजींना वेडा म्हणणाऱ्यांना मी तोंडावर सांगते, गप बसा. आमच्या तोंडवलीत समुद्र दारात, आणि हा माणूस घरात काचेच्या पेटीत समुद्र सांभाळतो, म्हणून हसतात मेले. पेटी कोणाची हे ठाऊक असूनही हसतात, याचाच मला राग येतो.

पेटी मितेशची, दाजींच्या एकुलत्या एका मुलाची. पर्यटकांना होडीतून फिरवून आला की तिच्यासमोर बसायचा. दोन नारिंगी मासे, दगड आणि दगडांवर डोलणारी मऊ, जिवंत समुद्रफुलं. त्याची आई सुगंधा लग्नावरून चिडवायची, "आता सून हाड रे, माशे पुरे झाले!"

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर होडी उलटली. मितेश सापडला, पण फार उशिरा. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. बांधूनच आणला आणि थेट स्मशानात नेला. सुगंधाला तोंडसुद्धा बघू दिलं नाही कोणी.

तेव्हापासून तिने त्याच्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. दाजी मात्र तिथेच बसून असायचे. मी एकदा विचारलं, एवढं समुद्राचं पाणी आहे, रोज ताजं का घालत नाही?

"रोज नको गो. मितेश सांगी, जुन्या पाण्यात आणि त्या दगडांतच तेंचो जीव आसा. पंधरा दिवसांनी एक बादली काढूची, एक घालूची. सगळा एकदम बदलला तर मरतले."

तारखा दाजींच्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून त्यांनी एकादशी धरली. त्या दिवशी उपास आणि त्याच दिवशी बादली. पावसात किनाऱ्याचं पाणी गोडसर होतं, म्हणून आधीच कॅन भरून ठेवायचे. काच पुसायचे, पण दगडांना हात लावायचे नाहीत. "तेचा येवढाच जिता ऱ्हवलासा," म्हणायचे. "ता माझ्या हातात मरूक नको."

यंदा चतुर्थी आली. गेल्या वर्षी घरात गणपती आणला नव्हता. आदल्या दिवशी दाजी मूर्ती बघायला गणपतीच्या शाळेत, मूर्तिकाराकडे गेले आणि सुगंधाने पदर खोचला. भिंती झाल्या, भांडी झाली, आणि मग बाई गं, तिने मितेशची खोली उघडली! मी कुंपणातून बघत होते. वर्षभराने ती गुणगुणत होती. मला वाटलं, सावरली एकदाची.

संध्याकाळी दाजी आले तेव्हा मी तिथेच होते. पेटी आरशासारखी लखलखत होती. सगळं पाणी अंगणात ओतलेलं, दगड काथ्याने घासून पांढरेफटक केलेले, आत विहिरीचं गार पाणी आणि मूठभर मीठ. मासे एका कुशीवर कलंडून धापा टाकत होते. दाजींचा चेहरा बघून मला वाटलं, आता हा माणूस घर डोक्यावर घेणार!

सुगंधा हात पुसत आली. "बघा तरी, कशी चकचकीत केलंय!"

दाजींनी तिच्याकडे बघितलं, मग पेटीकडे. "बरा केलंस," एवढंच म्हणाले.

कॅनमधलं उरलंसुरलं पाणी त्यांनी घाईने घातलं, पण काही उपयोग झाला नाही. सकाळी माशांना घेऊन ते माडाच्या बुंध्याशी खड्डा करत होते, तर सुगंधा मागे येऊन उभी राहिली.

"मेले?"

"म्हातारे झाले हुते गो."

"खोटा बोला नको. मीच मारलंय तेंका." ती मटकन खाली बसली. "कोणी माका तेका शेवटचा न्हावंक घालूक दिल्यानी नाय हो. म्हटलंय, तेच्या वस्तू तरी माझ्या हातान धुवया. कोपरो न् कोपरो धुतलंय."

मी कुंपणापलीकडेच थांबले. दाजी तिच्याशेजारी मातीतच बसले. मितेश गेला तेव्हा सगळ्या गावादेखत कोरडे राहिलेले दाजी, ढसाढसा रडले.

"बरा केलंस गो," तिचा हात धरून म्हणाले. "तुझ्या हातची आंघोळ गावली तेका."