भंडाऱ्याचं ताट आणि सुनेची झोप

सुनेच्या मांडीवरून पोरगी चुलवणाकडं घरंगळली, तेव्हा माझ्या हातात खंडोबाच्या भंडाऱ्याचं ताट होतं. सून एका अंगाला कलंडली, डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली आणि ती हातपाय झाडायला लागली. चुलवणावर आंघोळीचं पाणी उकळत होतं. सव्वा महिन्याचं लेकरू जाळापासून हातभर लांब पडलं होतं. मी दोन पावलांवर होते. पण भरलेलं ताट उघड्या जमिनीवर ठेवायचं नाही, असं आमच्यात आहे. म्हणून ते कुणाच्या हातात द्यावं, हे बघत मी उभी राहिले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

लेकरू उचललं ते एका परक्या बाईनं. तिचं नाव हमीदा. ती दौंडची, गावोगाव फिरून बांगड्या भरायची. आदल्या संध्याकाळी तिची परतीची गाडी चुकली म्हणून आमच्या निमोण्यात नातलगांकडं मुक्कामाला राहिली होती. सकाळी आमच्या दारात बायका जमलेल्या दिसल्या, चार हात भरून होतील म्हणून आली. टोपली तिनं कशीबशी खाली टाकली आणि पोरीला ओढून घेतलं. अर्ध्या बांगड्या तिथंच फुटल्या.

तोवर बायकांनी सुनेला घेरलं होतं. एकीनं नाकाला चप्पल लावली, एकीनं मुठीत किल्ल्या कोंबल्या. माझी जाऊ दातांत चमचा घालायला बघत होती. हमीदा पोरीला काखेत मारून आत घुसली. "चमचा काढा आधी! दात पाडता का तिचं? आन् ती चप्पल पायात घाला, तितंच बरी दिसती." तिनं सुनेला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा पदर दिला आणि काही न करता नुसती बसून राहिली. थोड्या वेळानं झटके थांबले. सून घोरायला लागली.

हमीदानं मला विचारलं, "रातीला झोपली व्हती का ही?"

मी म्हटलं, "झोपंल कशी? जागरण व्हतं खंडोबाचं. हिची फेफरं जावी म्हणूनच तर घातलं."

"आन् हिलाच बसवली रातभर?"

"व्हय. डुलकी लागली का मी चिमटा काढत व्हते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "मावशी, माझ्या भनीला हाय हे दुखणं. झोप मोडली का दुसऱ्या दिवशी येतंयच. तुम्ही तर त्याला आवतण दिलं की वो."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? आमच्या दारात येऊन, आमच्या देवाच्या कामात ही बोलणारी कोण, असं वाटलं. पण सुनेच्या दंडावर माझ्या चिमट्यांचे निळे डाग दिसत होते. आणि मागचा सगळा महिना डोळ्यांपुढून गेला. पोरगी रात्रभर रडायची, सून तिला घेऊन बसायची, आणि सकाळी फेफरं यायचं. चारदा आलं. आम्ही म्हणत होतो, बाळंतीण आहे, बाहेरचं काही लागलं असेल. जाऊ तर रोज म्हणायची, "फशिवलं आपल्याला. माहेरी धाडा तिला." मलाही ते पटायला लागलं होतं. जागरण घालून बघू, नाही गुण आला तर धाडू, असं मी मनाशी ठरवलं होतं. देवाला पाच जागरणं बोलले होते, दर सालाला एक. हे पहिलंच.

हमीदा त्या दिवशी धंदा सोडून आमच्याबरोबर दौंडला आली. तिच्या बहिणीच्या डॉक्टरकडं तिनंच नेलं. डॉक्टरनंही पहिल्यांदा झोपेचंच विचारलं. सून रडत म्हणाली, लग्नाआधी गोळ्या चालू होत्या, पण सासरी कळेल म्हणून पेटीच्या तळाला लपवल्या आणि बंद केल्या. आम्हाला भिऊन. डॉक्टर म्हणाले, गोळी एक दिवस चुकवायची नाही, रात्रीची झोप मोडू द्यायची नाही, आणि जाळापाशी, विहिरीपाशी एकटं बसू द्यायचं नाही. पोरीला आईचं काढून ठेवलेलं दूध रात्री वाटी-चमच्यानं दुसऱ्यानं पाजायचं. तिथल्या नर्सनं ते मला शिकवलं.

घरी आले, पण मनातून उरलेली चार जागरणं जाईनात. जागरण घातलं तर सून पडणार. नाही घातलं तर देव कोपणार, आणि तोही तिच्यावरच. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग आमच्या जागरणाला रात्रभर गायलेले म्हातारे वाघ्या दारावरून चालले होते, त्यांना थांबवलं. म्हटलं, "आबा, असं असं झालंय. काय करू?"

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली. "नवस कोण बोललं व्हतं?"

"मी."

"मंग जागायचं कुणी?"

एवढंच बोलले, चहा प्याले आणि गेले. मी तिथंच उंबऱ्यावर बसून राहिले. नवस माझा, आणि जागवत होते दुसऱ्याच्या लेकीला.

त्या रात्रीपासून पाळण्याची दोरी मी घेतली. सुनेला नऊ वाजता आत झोपायला लावायची, दार ओढून घ्यायची. पोरगी रडली की वाटी-चमचा घेऊन मीच उठायची. भंडाऱ्याची पुडी पाळण्याला बांधली होती. डफ नाही, तुणतुणं नाही, नुसती पाळण्याची करकर. देवाशी बोलायला मला कधी आलं नाही, पण त्या वर्षात मी बरंच बोलले, कारण दुसरं जागं कुणी नव्हतंच. चार जागरणं उरली होती, किती झाली त्याची गणती मी ठेवली नाही.

सुनेला त्यानंतर वर्षभरात एकदाच फेफरं आलं, तेही शिरूरला लग्नात रात्र मोडली तेव्हा. आता कुणी हळदीला बोलावलं तर मीच सांगते, ती नऊला झोपणार, राग आला तर येऊ द्या. जाऊ अजून म्हणते, सुनेला फार डोक्यावर बसवलीस. बसवली तर बसवली.

हमीदाची गाडी का चुकली, ते मला ठाऊक नाही. तिला विचारलं तर हसायची, म्हणायची, "डायवर मेला लवकर निघला, अजून काय?" मी वाद घालत नाही. रोज दिवा लावताना खंडोबाचं नाव घेते, तिचंही घेते. आणि ते ताट आठवतं. ते मी खाली ठेवायला पाहिजे होतं. देवानं काही म्हटलं नसतं. त्याच्या भरवशावर राहायचं म्हणजे दोन्ही हात मोकळे पाहिजेत, हे कळायला मला एवढी वर्षं लागली.

हमीदा दोन वर्षांपूर्वी वारली. सून आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी घेते. पोरगी सातवीत आहे.